विज्ञानकथेतील लेझर लक्ष्यनिर्देशक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भविष्यातील युद्धावर मराठीत कथा लिहिणारे अनेक जण या एका उपकरणापाशी अडतात. सैनिक काहीतरी रोखतो, लाल रेघ उमटते आणि क्षणार्धात समोरचे वाहन नष्ट होते, असे वर्णन हस्तलिखितांत वारंवार आढळते. खरे लक्ष्यनिर्देशक असे चालत नाहीत आणि ते जसे चालतात त्यात कथेच्या दृष्टीने कितीतरी अधिक नाट्य आहे, असे माझे ठाम मत आहे. पुढील उत्तरांत उदाहरणासाठी ‘लक्ष्यदीप’ नावाचे एक काल्पनिक उपकरण घेतले आहे. ते बाविसाव्या शतकातील असून एका सैनिकाने पाठीवर वाहून न्यावे आणि तिपाईवर बसवावे अशा आकाराचे आहे. उपकरण कल्पित असले तरी त्याला लागू होणारे प्रकाशाचे नियम खरे आहेत.

लक्ष्यनिर्देशक हे शस्त्र आहे का?

नाही, आणि बहुतेक कथा नेमक्या इथेच घसरतात. लक्ष्यनिर्देशक काहीही जाळत, वितळवत किंवा फोडत नाही. तो लक्ष्यावर प्रकाशाचा एक ठिपका ठेवतो. त्या ठिपक्यावरून परावर्तित झालेला प्रकाश दुसरीकडून येणाऱ्या बॉम्बच्या किंवा क्षेपणास्त्राच्या नाकाशी बसवलेल्या शोधकाला दिसतो आणि ते शस्त्र ठिपक्याच्या दिशेने वळत राहते. शोधकातील प्रकाशसंवेदी तबकडी चार भागांत विभागलेली असते. चारही भागांवर सारखा प्रकाश पडला तर दिशा बरोबर आहे. एका भागावर जास्त पडला तर शस्त्र त्या बाजूला वळवायचे, इतके साधे ते तत्त्व आहे.

जाळणारे लेझर हा वेगळा प्रकार आहे. भारताच्या संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेने, म्हणजे डीआरडीओने, १३ एप्रिल २०२५ रोजी आंध्र प्रदेशातील कुर्नूल येथे ड्रोन पाडणाऱ्या लेझर शस्त्राचे प्रात्यक्षिक केले, ते त्या प्रकारातले. दोहोंतील फरक आकड्यांत पाहावा. लक्ष्यनिर्देशकाच्या एका स्पंदात, म्हणजे प्रकाशाच्या एका झटक्यात, साधारण ५० मिलिज्यूल ऊर्जा असते आणि सेकंदाला असे १० ते २० स्पंद निघतात, असे धरले तर सरासरी शक्ती एका वॅटच्या आसपासच भरते. मात्र प्रत्येक स्पंद सेकंदाच्या एक अब्जांश भागाच्या वीसपट, म्हणजे २० नॅनोसेकंद, एवढाच टिकत असेल तर त्या निमिषमात्रात शक्ती अडीच मेगावॅट होते. म्हणूनच हा ठिपका भर उन्हातही कित्येक किलोमीटरवरून शोधकाला वेगळा ओळखू येतो, पण त्याने चिलखत तापतसुद्धा नाही.

लेझर अंतरमापक आणि लक्ष्यनिर्देशक एकच का?

एकाच पेटीत दोन्ही असू शकतात, पण कामे वेगळी आहेत. अंतरमापक एक स्पंद पाठवतो आणि तो परत यायला लागलेला वेळ मोजतो. प्रकाश जाऊन परत यायला एक मायक्रोसेकंद लागला तर वस्तू १५० मीटरवर आहे आणि २० मायक्रोसेकंद लागले तर ३ किलोमीटरवर. अंतर कळले की त्याचे काम संपते. लक्ष्यनिर्देशकाचे काम तिथून सुरू होते.

लेझरची रेघ शत्रूला दिसते का?

प्रचलित लक्ष्यनिर्देशक १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीवर चालतात आणि हा अवरक्त प्रकाश माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. रात्री पाहण्याच्या काही उपकरणांतून मात्र तो दिसू शकतो. कथेतील सैनिकाला आपला ठिपका पाहायचा असेल तर त्यालाही तसे उपकरण डोळ्यांशी धरावे लागेल.

रेघेबद्दल आणखी एक गोष्ट. लेझर दृश्य रंगाचा असला तरी त्याचा झोत बाजूने तेव्हाच दिसतो, जेव्हा वाटेतील धूळ, धूर किंवा धुके त्यातला थोडा प्रकाश आपल्या डोळ्यांकडे विखुरते. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत लेझरचे झोत आकाशात स्पष्ट दिसतात, ते हवेतल्या धुरामुळे आणि धुळीमुळे. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे तिथल्या कथेत हिरवी वा लाल रेघ काढणे चूक ठरेल. तिथे फक्त दोन टोके असतील : उपकरणाची काच आणि खडकावरचा ठिपका. मधे काहीच नाही. हे वर्णन रेघेपेक्षा अधिक भयावह होते, असे मला वाटते.

हे तंत्रज्ञान किती जुने आहे? बाविसाव्या शतकात ते टिकेल का?

पहिला लेझर थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात माणकाचा स्फटिक वापरून चालवला. त्यानंतर अवघ्या आठ वर्षांत, १९६८ मध्ये, अमेरिकेने व्हिएतनाममध्ये लेझरच्या ठिपक्यावर जाणारे बॉम्ब वापरून पाहिले. या तंत्राची खरी ओळख जगाला झाली ती थान होआ येथील पुलामुळे. उत्तर व्हिएतनाममधील मा नदीवरचा हा पूल १९६५ पासून वारंवार हल्ले होऊनही उभा राहिला होता. एप्रिल १९७२ मध्ये लेझर बॉम्ब घेऊन विमाने गेली, तेव्हा ढगांमुळे ठिपका ठेवताच आला नाही. १३ मे १९७२ रोजी आकाश मोकळे मिळाले आणि पूल कोसळला. या दोन फेऱ्यांमधला फरक तंत्रज्ञानाचा नव्हता, ढगांचा होता. ही घटना प्रत्येक विज्ञानकथालेखकाने लक्षात ठेवावी.

आपल्याकडे १९९९ च्या कारगिल युद्धात भारतीय हवाई दलाच्या मिराज-२००० विमानांनी लायटनिंग नावाच्या इस्रायली लक्ष्यनिर्देशक पॉडच्या, म्हणजे विमानाखाली बसवलेल्या उपकरणपेटीच्या, साहाय्याने लेझर बॉम्ब टाकले. २४ जूनचा टायगर हिलवरील हल्ला त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध आहे. महाराष्ट्राचाही या विषयाशी थेट संबंध आहे. २२ सप्टेंबर २०२० रोजी अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, येथील के. के. रेंज या लष्करी सराव मैदानावर अर्जुन रणगाड्यातून लेझरने मार्गदर्शित रणगाडाभेदी क्षेपणास्त्र डागण्यात आले आणि त्याने ३ किलोमीटरवरील लक्ष्य भेदले. त्याच्या विकासात डीआरडीओच्या पुण्यातील एआरडीई आणि एचईएमआरएल या दोन प्रयोगशाळांचा व देहरादूनच्या आयआरडीईचा सहभाग होता. तेव्हा नायिकेला उपकरणाचे प्रशिक्षण नगरच्या माळरानावर मिळाले, असे लिहिले तर ते ओढूनताणून आणलेले वाटणार नाही.

टिकण्याबद्दल विचाराल तर उपग्रहाच्या साहाय्याने नेम धरणारी शस्त्रे आजही आहेत. परंतु उपग्रहांचे संकेत दाबता येतात आणि सहनिर्देशक, म्हणजे अक्षांश-रेखांशांसारखे स्थान सांगणारे आकडे, हे जागेचे असतात, वस्तूचे नव्हे. पाच मिनिटांपूर्वी तिथे उभे असलेले वाहन आता पुढे गेले असेल, तर ‘नेमके हेच’ असे बोट ठेवून दाखवणारे कोणीतरी लागतेच.

एकाच रणांगणात अनेक सैनिकांनी ठिपके ठेवले तर गोंधळ होणार नाही का?

होईल, म्हणूनच स्पंदांना सांकेतिक क्रमांक असतो. दोन स्पंदांमधील काळ अतिशय काटेकोरपणे ठरलेला असतो आणि शोधकाला आधीच सांगून ठेवलेले असते की याच लयीचा प्रकाश तुझा, बाकीचे सोडून दे. मृदंगाचा बोल ओळखून पाऊल टाकावे तसेच हे आहे. क्रमांक चुकला तर शस्त्र आंधळ्यासारखे पुढे जाते किंवा शेजारच्या तुकडीच्या ठिपक्याकडे वळते. एखाद्या कथेचा सबंध कळसाध्याय एका चुकीच्या ऐकलेल्या अंकावर उभा राहू शकतो. ‘सात’ आणि ‘साठ’ यांतला फरक खरखरणाऱ्या रेडिओवर कितीसा उरतो?

ठिपका किती वेळ धरून ठेवावा लागतो?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण या उपकरणाची कथा वेळेतच आहे.

हवेचा रोध बाजूला ठेवला तर ६,००० मीटर उंचीवरून सोडलेली वस्तू पृथ्वीवर पडायला सुमारे ३५ सेकंद घेते. या साऱ्या वेळात, निदान त्याच्या अखेरच्या टप्प्यात तरी, ठिपका लक्ष्यावरच हवा. पाच किलोमीटरवरील लक्ष्याकडे रोखलेले उपकरण एक मिलिरेडियन, म्हणजे अंशाचा सतरावा भाग, हलले तरी ठिपका पाच मीटर सरकतो. श्वास घेताना छाती हलते, त्याहून हे कमी आहे. म्हणून तिपाई लागते, म्हणून कोपर जमिनीवर रोवावे लागतात. शिवाय झोत जाता जाता पसरतो. तो ०.२ मिलिरेडियन पसरणारा असेल तर पाच किलोमीटरवर ठिपका एक मीटर रुंद होतो आणि उतरत्या पृष्ठभागावर तिरका पडला तर लांबट होतो. त्याचा काही भाग लक्ष्याच्या कडेवरून सांडून मागच्या टेकडीवर पडला, तर शोधकासमोर दोन ठिपके उभे राहतात.

आणि धुके. सह्याद्रीच्या घाटात पावसाळ्यात गाडी चालवलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही : दिवे मोठे केले की समोरचा रस्ता दिसण्याऐवजी पांढरी भिंत उजळते. लक्ष्यनिर्देशकाचेही तसेच होते. धुके किंवा धूर दाट असेल तर झोताचा प्रकाश उपकरणाच्या समोरच विखुरतो आणि दूरच्या लक्ष्यापेक्षा ही जवळची चमक शोधकाला अधिक ठळक दिसू शकते. मग शस्त्र ठिपका धरणाऱ्याच्या दिशेने वळण्याचा धोका असतो. म्हणूनच त्याने कुठे बसावे आणि शस्त्र कोणत्या दिशेने यावे, याची काळजीपूर्वक आखणी केली जाते. ज्या सैनिकाने हे शिकलेले आहे आणि तरीही जो धुके चढताना पाहत झोत चालू ठेवतो, त्याच्या मनात काय चालले असेल ते लिहायला कोणतेही काल्पनिक तंत्रज्ञान लागत नाही.

हाच प्रसंग चंद्रावर किंवा मंगळावर घडवला तर काय बदलेल?

बरेच काही. पहिला बदल क्षितिजाचा. दोन मीटर उंचीवरून पाहणाऱ्याला सपाट जमिनीवर पृथ्वीवर सुमारे पाच किलोमीटरपर्यंत दिसते, मंगळावर ३.७ आणि चंद्रावर जेमतेम २.६ किलोमीटरपर्यंत. प्रकाश सरळ जातो आणि लहान गोलावर जमीन लवकर खाली वळते. तेव्हा चंद्रावर आपल्या ‘लक्ष्यदीपा’ला टेकडी शोधावी लागेल किंवा शत्रूच्या फार जवळ जावे लागेल.

दुसरा बदल पडण्याच्या वेळेचा. तेच ६,००० मीटर अंतर पडायला मंगळावर ५७ सेकंद लागतील आणि चंद्रावर ८६. हवेचा थरकाप नाही, झळा नाहीत, त्यामुळे चंद्रावर ठिपका अतिशय स्वच्छ पडेल. पण तो जवळजवळ दीड मिनिट धरून ठेवावा लागेल.

तिसरा बदल लेखकांच्या सहसा ध्यानात येत नाही. पृथ्वीवरचा लेझर बॉम्ब आपल्या पंखांनी हवा कापून वळतो. चंद्रावर पंख निरुपयोगी आहेत. मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी असल्याने तिथेही त्यांचा फारसा उपयोग नाही. तिथल्या शस्त्राला वळण्यासाठी लहान लहान अग्निबाण हवेत आणि त्यांचे इंधन मोजके असणार. म्हणजे ठिपका इकडेतिकडे भरकटला तर शस्त्र त्यामागे धावता धावता इंधन संपवून बसेल. पृथ्वीवर हाताचा थोडा कंप खपून जाईल, चंद्रावर नाही.

मंगळावर धूळ आहे. २०१८ मध्ये तिथे उठलेल्या ग्रहव्यापी वादळात सूर्यप्रकाश इतका मंदावला की सौरऊर्जेवर चालणारी ऑपॉर्च्युनिटी ही बग्गी १० जूननंतर पुन्हा कधी बोललीच नाही. अशा वादळात ‘लक्ष्यदीप’ चालतो असे कृपया लिहू नये.

अंतराळयानांच्या लढाईत हजार किलोमीटरवर नेम धरता येईल का?

धरता येईल, पण दोन अडचणी सोडवून. एक, झोत पसरतोच. तो प्रकाशाच्या तरंगस्वरूपाचा परिणाम आहे आणि कितीही प्रगत संस्कृतीला तो टाळता येत नाही. दहा सेंटिमीटर व्यासाच्या भिंगातून निघालेला एक मायक्रोमीटर तरंगलांबीचा झोत हजार किलोमीटरवर सुमारे २४ मीटर रुंद होतो. तो अडीच मीटरवर आणायचा तर एक मीटर व्यासाचा आरसा हवा. म्हणजे अंतराळातील लक्ष्यनिर्देशक हातात मावणारच नाही, तो दुर्बिणीएवढा असेल.

दोन, प्रकाशालाही वेळ लागतो. हजार किलोमीटरवरील यान आपल्याला दिसते ते तीन सहस्रांश सेकंदांपूर्वीचे आणि आपला झोत तिथे पोहोचेपर्यंत तेवढाच वेळ पुन्हा जातो. आडव्या दिशेने सेकंदाला ७.५ किलोमीटर वेगाने जाणारे यान तेवढ्यात ५० मीटर पुढे गेलेले असते. जिथे दिसते तिथे झोत टाकला तर तो रिकाम्या जागेत जाईल. पृथ्वीवरून चंद्राच्या अंतरावर हाच हिशोब अडीच सेकंदांचा होतो आणि तेवढ्यात शत्रूने यान किंचित वळवले तरी सारे गणित फुकट जाते. चंद्रावर अपोलो यानांनी ठेवलेल्या परावर्तकांवर १९६९ पासून लेझर सोडून अंतर मोजले जाते, परंतु ते परावर्तक जागचे हलत नाहीत आणि प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवण्यासाठीच ते घडवलेले आहेत.

शत्रू स्वतःचा बचाव कसा करेल?

आपल्यावर लेझर पडला आहे हे सांगणारे संवेदक आजच्या रणगाड्यांवरही असतात. सोव्हिएत संघात विकसित झालेली श्तोरा प्रणाली हे त्याचे जुने उदाहरण : लेझरची चाहूल लागताच ती त्या दिशेला धुराचे गोळे फेकते. म्हणून कुशल सैनिक झोत शेवटच्या क्षणापर्यंत बंद ठेवतो किंवा आधी लक्ष्याशेजारच्या जमिनीवर ठेवून अखेरीस लक्ष्यावर आणतो. कथेतील शत्रूला अदृश्य कवच देण्याऐवजी धूर, एखादा खोटा ठिपका आणि तत्पर चालक द्यावा. त्याने तो अधिक बुद्धिमान वाटेल.

लेझरने शत्रूचे डोळे घालवणारा सैनिक दाखवला तर चालेल का?

दाखवता येईल, पण तो युद्धकायदा मोडतो आहे, हे कथेला ठाऊक हवे. माणसाला कायमचे अंध करण्यासाठीच बनवलेल्या लेझर शस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १३ ऑक्टोबर १९९५ रोजी व्हिएन्ना येथे स्वीकारला गेला आणि ३० जुलै १९९८ पासून तो अमलात आहे. एखादे शस्त्र रणांगणावर सर्रास वापरले जाण्याआधीच त्यावर बंदी आली, असे इतिहासात फार क्वचित घडले आहे. माणसे एकमेकांशी लढतानाही काही गोष्टी करायच्या नाहीत असे ठरवू शकतात, याचा मला यात मोठा दिलासा वाटतो.

अपघाताने इजा होण्याचा प्रश्न मात्र उरतो. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याचे भिंग तो नेत्रपटलावर एकवटते. न दिसल्यामुळे पापणीही मिटत नाही. म्हणून सरावासाठी आणि अंतरमापनासाठी दीड मायक्रोमीटरच्या आसपासचा प्रकाश वापरला जातो, जो डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषला जातो. मिरवणुकांतील लेझरने डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी अलीकडच्या वर्षांत आपल्याकडेही आल्या आहेत, त्यामुळे वाचकाला या धोक्याची कल्पना करणे अवघड जाणार नाही.

शंभर वर्षांनंतर ठिपका यंत्रच धरेल. मग माणूस कशाला?

तांत्रिकदृष्ट्या प्रश्न योग्य आहे. चित्रातील वस्तू ओळखून तिच्यावर खिळून राहणारी यंत्रणा आजही आहे आणि तिचा हात कापत नाही. तरीही मी लेखकांना माणूस ठेवायला सांगतो आणि ते केवळ भावनेपोटी नव्हे. ठिपका धरणे ही दोन कामे आहेत : लक्ष्य ठरवणे आणि ते धरून ठेवणे. दुसरे काम यंत्राला देता येते. पहिल्यात ‘हे वाहन रुग्णांना नेत नाही ना’ हा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर देणाऱ्याला नंतर त्या उत्तरासह जगावे लागते. लेझरचा एक गुण असा की शस्त्र सुटल्यानंतरही निर्णय बदलता येतो. घरातून एखादे मूल बाहेर आले तर ठिपका बाजूच्या मोकळ्या जमिनीवर नेता येतो आणि बॉम्ब वळण्याइतका वेळ उरला असेल तर तो तिकडे जातो. किती वेळ उरला आहे हे मात्र त्या सैनिकाला मनातच मोजावे लागते. ‘लक्ष्यदीपा’त बाकी काहीही सुधारा, पण ही मोजणी माणसाकडे राहू द्यावी.

बॅटरी, वजन वगैरेंचा उल्लेख आवश्यक आहे का?

थोडासा. झोताची शक्ती एक वॅट असली तरी तो निर्माण करायला कितीतरी अधिक वीज लागते आणि उरलेली उष्णता होते. थंडीत बॅटरी दगा देते, चंद्रावर उष्णता बाहेर टाकायला हवाच नसते. एवढे एका वाक्यात आले तरी पुरे.

संवादांत कोणते शब्द वापरावेत?

निवेदनात ‘लक्ष्यनिर्देशक’, ‘अंतरमापक’, ‘शोधक’, ‘स्पंद’ हे शब्द खुशाल वापरावेत, कारण ते अर्थवाही आहेत. पण सैनिकांच्या तोंडी ते घालू नयेत. ते ‘लेझर’, ‘टार्गेट’, ‘कोड’, ‘रेंज’ असेच म्हणतील. रेडिओवर हिंदी किंवा इंग्रजी ठराविक वाक्ये येतील आणि शेजारी पडून राहिलेला साताऱ्याचा किंवा बेळगावचा जोडीदार मात्र हळू आवाजात मराठीतच बोलेल. त्या ३५ किंवा ८६ सेकंदांत वाक्ये लहान होत जातात. ‘कोड बघितलास ना?’ ‘बघितला.’ ‘धुकं चढतंय.’ ‘दिसतंय मला.’ ‘धरून ठेव.’ मग बराच वेळ कोणी काही बोलत नाही, आणि ती शांतता लेखकाने शब्दांनी भरू नये.